राजम्याचं बी गॅमाखाली ठेवून देणारी सर्व्हिस आणि सोबतचं टिश्यू कल्चर पॅकेज: पहिलं घ्या, दुसरं राजम्यासाठी नको

पाचपैकी किती स्टार द्यायचे हाच मोठा प्रश्न आहे, कारण या मंडळींनी दोन वेगळ्या गोष्टी एकाच पॅकेजमध्ये बांधून विकायला ठेवल्यात. पहिली म्हणजे तुमचं बी गॅमा किरणांखाली ठेवून मागाल त्या डोसला परत देणं. दुसरी म्हणजे त्याच वाणाचे कोवळे तुकडे बाटलीत लावायचे, त्यांनाही रेडिएशन द्यायचं आणि त्यातून रोपं करून हातात ठेवायची. पहिलीला माझ्याकडून साडेचार, दुसरीला दीड, आणि तो दीडही कल्चर रूममधल्या पोरापोरींची मेहनत बघून दिलाय. लॅबचं नाव टाकत नाहीये, कारण तक्रार त्या एका लॅबपेक्षा या पॅकेजच्या कल्पनेवर जास्त आहे. तुम्ही केळीसारखं कलमा-कंदावर वाढणारं पीक करत असाल तर हा रिव्ह्यू तुमच्या कामाचा नाही, तिथला हिशोब उलटा आहे. मी बोलतेय फक्त राजमा-घेवड्याबद्दल, म्हणजे फेजिओलस व्हल्गॅरिस.

मुळात म्युटेशनच्या, म्हणजे डीएनएत बदल घडवून आणायच्या, भानगडीत पडायचंच कशाला, असं विचारणारे बरेच असतात. माझ्याकडे एक ओळ, म्हणजे वाणच म्हणा, होती, दाणा छान, रोगाला बऱ्यापैकी दणकट, पण वाढ वेलाची. जमिनीवर लोळणारी, काढणीला जीव काढणारी. आता क्रॉस करून झुडपी गुण आत आणता येतो, लोक करतातही, पण राजम्याच्या फुलात क्रॉस करणं म्हणजे डोळे फोडणं आहे, आतली पाकळी गोल पिळलेली, तिच्याच आत पुंकेसर आणि कुक्षी गुंडाळून बसलेले, आणि फूल उमलायच्या आतच स्वतःचं परागण उरकून मोकळं झालेलं. म्हणजे कळीत असतानाच चिमट्याने उघडा, परागकोष काढा, दुसरीकडचा पराग लावा आणि मग ती कळी गळू नये म्हणून वाट बघत बसा. आणि जमलंच तरी दुसऱ्या बापाचं सगळं गाठोडं सोबत येतं, मग दाण्याचा रंग-आकार परत जागेवर आणायला बॅकक्रॉसवर बॅकक्रॉस, म्हणजे मूळ वाणाशीच पुन्हा पुन्हा क्रॉस. वाण बाकी मनासारखं आहे आणि एकच खोड काढायची आहे, तेव्हा म्युटेशन हा जवळचा रस्ता.

आणि हे काही आजचं फॅड नाही. एक्स-रे मुळे म्युटेशन होतात हे मुलरने १९२७ मध्ये फळमाशीवर दाखवलं, पुढच्याच वर्षी स्टॅडलरने बार्लीवर दाखवलं. राजम्यात तर अगदी सुरुवातीचं नावाजलेलं उदाहरण आहे, मिशिगनचं सॅनिलॅक. मिशेलाइट नावाचा तिकडचा पांढरा वेलवाढीचा वाण होता, त्याच्या बियांना एक्स-रे दिले, त्यातून झुडपी म्युटंट निघालं, ते पुढे क्रॉसिंगमध्ये वापरलं आणि १९५६ मध्ये सॅनिलॅक बाहेर आलं. लक्षात घ्या, म्युटंट जसंच्या तसं वाण म्हणून नाही आलं, ते आई-बाप म्हणून वापरलं गेलं. हा मुद्दा पॅकेज विकणारे कधी सांगत नाहीत. दुसरं माझं आवडतं उदाहरण कोस्टा रिकातल्या तुरियाल्बाचं, तिथे काळ्या दाण्याच्या सान फर्नांडोपासून म्युटेशनने पांढऱ्या दाण्याचं नेप-२ काढलं.

या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे ती ऑर्डर देण्याआधी डोक्यात पक्की करा. झुडपी वाढ म्हणजे बऱ्याचदा फिन नावाच्या एका जीनचं काम बंद पडणं, शेंडा वाढत राहायच्या ऐवजी फुलात संपतो. पांढरा दाणा म्हणजे रंग तयार करणाऱ्या साखळीतली एक कडी तुटणं. गॅमा किरणांना हेच छान जमतं, चालू असलेलं काहीतरी बंद पाडणं. पेशीतल्या पाण्यापासून फ्री रॅडिकल तयार होतात, डीएनएच्या दोन्ही पट्ट्या तुटतात, पेशी घाईघाईने टोकं जोडते आणि त्यात लहान-मोठे तुकडे गळतात. त्यामुळे वेलाचं झुडूप, काळ्याचं पांढरं, उशिराचं लवकर, हे मागा. "अमुक रोगाला नवी प्रतिकारशक्ती हवी" असं लिहून बी पाठवाल तर लॉटरीचं तिकीट काढताय, मिळेलही, पण त्यावर प्रोजेक्ट उभा करू नका.

आता सर्व्हिसकडे येते. बी पाठवायच्या आधीच त्यांनी ओलाव्याबद्दल विचारलं, तिथेच मला बरं वाटलं. बऱ्याच ठिकाणी पिशवी आली की आत टाकतात आणि परत देतात. बी फार कोरडं असेल तर ऑक्सिजनमुळे त्याच डोसला नुकसान जास्त होतं आणि दोन बॅचचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून १२ ते १४ टक्के ओलाव्याला आणून मगच रेडिएशन द्यायचं असतं. यांनी बी ग्लिसरॉलच्या द्रावणावर बंद डेसिकेटरमध्ये (ओलावा राखणाऱ्या भांड्यात) ठेवलं, ओलावा मोजला, मग पुढचं. राजम्याचा दाणा मोठा आणि साल जाड, त्याला ओलावा घ्यायला भातापेक्षा वेळ लागतो, हे त्यांना न सांगता माहीत होतं. अर्धा स्टार इथेच कमावला.

सोर्स कोबाल्ट-६० चा आहे. याचा हाफ लाइफ ५.२७ वर्षं, म्हणजे दर महिन्याला साधारण एक टक्क्याने ताकद उतरते, वर्षाला बारा टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे मागच्या वर्षी जितकी मिनिटं ठेवलं तितकीच यंदा ठेवलं तर डोस कमी पडतो, वेळ दर वेळी नव्याने काढावा लागतो. आणि हाच त्यांचा कच्चा दुवा निघाला: सर्टिफिकेटवर फक्त मी मागितलेला डोस छापून आला, प्रत्यक्षात किती मिळाला ते नाही, आणि डोस रेटची तारीख बरीच जुनी. मेल केला, मग दुसरा केला, मग फोन, तेव्हा कुठे डोस मोजणाऱ्या डोसिमीटरचं रीडिंग आलं. रीडिंग चांगलं होतं, मागितलेल्याच्या अगदी जवळ, मग बाबांनो ते आधीच का नाही देत? हा गेलेला अर्धा स्टार.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी एकदम सगळं बी एका डोसला टाकायचं नाही हे सांगायला नको, तरी सांगते. आधी थोडं थोडं बी ० पासून ३०० ग्रेपर्यंत (ग्रे हे डोसचं एकक) वेगवेगळ्या डोसला देऊन ट्रेमध्ये पेरा. राजमा तसा नाजूक आहे, शंभर ग्रेच्या आसपास काम होतं. आणि इथे नवीन लोक हमखास फसतात ते उगवणीच्या आकड्यावर. माझ्या ट्रेमध्ये ३०० ग्रेचं बी जवळजवळ कंट्रोलइतकंच, म्हणजे रेडिएशन न दिलेल्या बियाइतकंच, उगवलं! कोंबाचा वाकडा हूक वर आला, दोन्ही बीजपत्रं मातीबाहेर आली, पहिली जोडपानं सुद्धा उलगडली, जरा जाड, सुरकुतलेली, कुठे फिकट पट्टे पण पानं ती पानंच. आणि मग काही नाही. त्या जोडपानांच्या मध्ये जिथे पहिलं त्रिदल पान यायला हवं तिथे तपकिरी ठिपक्याएवढा शेंडा, तसाच, पुढे हलतच नाही. कारण तोपर्यंतची पानं बियात आधीच तयार असतात, पेशी फक्त फुगतात, नव्याने विभागायची वेळ आली की गॅमाचा हिशोब समोर येतो. म्हणून उगवण मोजू नका, दोन आठवड्यांनी रोपाची उंची मोजा, कंट्रोलच्या तुलनेत तीस ते पन्नास टक्के वाढ खुंटते त्या पट्ट्यात मोठी बॅच टाका. मी त्यातही खालचं टोक धरते, कारण जास्त डोसला म्युटेशन जास्त मिळतात हे खरं पण त्याच झाडात नको ती दहा पण मिळतात, आणि वांझ झाडांवर शेंगा मोजत बसावं लागतं.

हां, शेजारीपाजारी आणि सासरचे विचारतात ते: गॅमा दिलेलं बी रेडिओॲक्टिव्ह होत नाही. कोबाल्टच्या गॅमामध्ये तेवढी एनर्जीच नसते. पिशवी घरी ठेवा, हातात घ्या, काही होत नाही. पण महिनोन्महिने ठेवू नका, कारण साठवणीत त्या बियांचं नुकसान वाढत जातं. परत आलं की पेरा.

पहिली पिढी, एम१, दिसायला निराशाजनक असते आणि तशीच असायला हवी. खुजी रोपं, वाकडी पानं, पांढरट चट्टे, शेंगेत दाणे कमी. बहुतेक म्युटेशन रिसेसिव्ह असतात, म्हणजे जीनच्या दोन्ही प्रती बदललेल्या असल्याशिवाय दिसत नाहीत, म्हणून इथे काही निवडायचं नसतं, फक्त बी धरायचं. पण बी कसं धरता यावर पुढचं सगळं अवलंबून आहे आणि या बाबतीत त्या लॅबने दिलेली छापील पत्रिका अगदीच वरवरची होती, "प्रत्येक झाडाचं बी वेगळं ठेवा" एवढंच. एम१ झाड कायमेरा असतं, म्हणजे एकाच झाडात पेशींचे वेगवेगळे गट, कारण बियातल्या शेंड्यात एक नाही तर बऱ्याच पेशी होत्या आणि प्रत्येकीला वेगळा मार बसला. मुख्य खोडाच्या शेंगेत असलेलं म्युटेशन बीजपत्राच्या बगलेतून फुटलेल्या फांदीत असेलच असं नाही. एखादी शेंग पूर्णपणे त्या बदललेल्या भागातून आली असेल तर तिच्या दाण्यांत चारातला एक म्युटंट दिसायला हवा, पण तेच तुम्ही चार वेगळ्या भागांचं बी एकत्र केलंत तर तो सोळात एक होतो. म्हणून शेंगेगणिक पाकीट करा, कंटाळा येतो पण करा. शेंगेत दाणे मुळात चार-सहा, त्यामुळे एका शेंगेवर विसंबू नका, एकाच फांदीच्या दोन-तीन शेंगा एका पाकिटात चालतील. चारात एक या हिशोबाने एक तरी म्युटंट दिसेल अशी पंच्याण्णव टक्के खात्री हवी असेल तर अकरा दाणे पेरावे लागतात, हा साधा गणिताचा आकडा आहे, घरी करून बघा.

एम२ मध्ये, म्हणजे दुसऱ्या पिढीत, मजा सुरू होते. सगळ्यात आधी ओळीत पांढरीफटक रोपं दिसतात, हरितद्रव्य नसलेली, बीजपत्रातला साठा संपला की मरतात. नवीन माणूस घाबरतो, पण ती दिसली म्हणजे रेडिएशन लागू पडलंय याची पावती समजा, कंट्रोलच्या ओळीत अशी रोपं जवळपास दिसत नाहीत. पिवळी, फिकट हिरवी, गोळा झालेल्या पानांची, अशी बरीच सर्कस असते. माझ्या शेतात मग एका ओळीत काही झाडं गुडघ्याच्या खालीच थांबली, शेंड्याला फुलांचा झुपका, बाजूची भावंडं आधारावर चढून गेलेली. झुडपी! तशी वेगळ्या पाकिटातून दुसरीही निघाली. दोघांच्याही शेंगा मूळ वाणापेक्षा कमी, एकाचा दाणा लहान, म्हणजे सॅनिलॅकसारखंच आता यांना मूळ वाणाशी परत क्रॉस करून बाकीची घाण धुवून काढायची. (हो, तेच फूल, तोच चिमटा. क्रॉसिंगमधून पूर्ण सुटका कुणाचीच नाही, फक्त या वेळी दोन्ही पालक एकाच घरातले असल्यामुळे दाणा बिघडत नाही.) पण मूळ काम झालं. गॅमाच्या अर्ध्याला साडेचार का, तर यासाठी.

आता टिश्यू कल्चर.

विकताना जे सांगितलं ते ऐकायला फार गोड होतं: बाटलीत एका पेशीपासून अख्खं रोप तयार होतं, त्यामुळे कायमेराची कटकट नाही, पहिल्याच पिढीत शुद्ध म्युटंट, जागा कमी लागते, वर्षभर काम चालतं. यातलं प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या पिकाबद्दल खरं आहे. राजम्याबद्दल नाही. राजमा हा टिश्यू कल्चरमध्ये हट्टी म्हणून या क्षेत्रात प्रसिद्ध आहे, आणि जे कोंब बाटलीत फुटतात ते बहुतेक वेळा बीजपत्राच्या गाठीतून किंवा भ्रूणाच्या अक्षातून, म्हणजे जिथे वाढणारे डोळे किंवा त्यांच्या आसपासच्या सक्रिय पेशी आधीच बसलेल्या असतात. एका पेशीतून नाही, पेशींच्या गटातून. मग कायमेरा कुठे गेला? तिथेच आहे, फक्त आता बाटलीत आहे. कॅलस, म्हणजे पेशींचा बिनआकाराचा गोळा, करून त्यातून एकेका पेशीचे सोमॅटिक भ्रूण काढल्याचे रिपोर्ट आहेत, पण कुठलाही वाण द्या आणि रोज चालेल असा प्रोटोकॉल नाही. यावरून अंदाज घ्या की ब्राझीलच्या एम्ब्रापा या सरकारी शेती संशोधन संस्थेने सोनेरी मोझॅक व्हायरसला टिकणारा जीएम राजमा बनवला, ज्याला २०११ मध्ये परवानगी मिळाली, तोही भ्रूणाक्षावर सूक्ष्म कणांचा मारा करून केला, कॅलसच्या वाटेने नाही. एवढी मोठी संस्था, तरी रस्ता हाच.

मी कल्चर रूममध्ये जाऊन बाटल्या बघितल्या, त्यांनी आडकाठी केली नाही, हे चांगलं. बेस मीडियम (बाटलीतलं खाद्य) एमएस, म्हणजे मुराशिगे आणि स्कूग यांचं १९६२ चं, त्यात गॅम्बोर्गची बी५ व्हिटॅमिन, सायटोकायनिन, म्हणजे कोंब फोडणारं हार्मोन, म्हणून बीएपी. सगळं पुस्तकी बरोबर. बाटलीत गाठीच्या जागी हिरव्या डोळ्यांचा गच्च झुपका, बघून वाटतं वा, किती कोंब! मोजणाऱ्याने रिपोर्टमध्ये तेच मोजले. पण जवळून बघा, ते डोळे लांब होतच नाहीत, पानं काचेसारखी पारदर्शक, ठिसूळ, बोट लावलं की तुटतील अशी, आणि तुकड्याच्या बुडाशी अगारमध्ये तपकिरी वलय पसरत गेलेलं. फिनॉल. राजम्याचा कापलेला भाग फिनॉल सोडतो, मीडियम काळवंडतं आणि तुकडा स्वतःच्याच रसात मरतो. वेळच्या वेळी नव्या बाटलीत हलवणं, चारकोल, एस्कॉर्बिक ॲसिड, सुरुवातीला अंधार, हे सगळे उपाय आहेत आणि त्या पोरांनी ते केले, त्यांच्याबद्दल काही म्हणणं नाही. पण गॅमा दिलेल्या तुकड्यांत हे दुप्पट वाईट होतं. त्यात ज्याने कोणी डोस ठरवला त्याने बियाच्या डोसकडे बघून ठरवला असावा, कारण पहिल्या बॅचमधलं जवळपास काहीच वाचलं नाही. ओल्या, विभागणी चालू असलेल्या पेशींना सुक्या बियापेक्षा फार कमी डोस पुरतो, हे रेडिएशनच्या कोणत्याही मॅन्युअलमध्ये सुरुवातीलाच असतं. एकाच इमारतीत दोन विभाग आणि एकमेकांशी बोलणं नाही, असा प्रकार.

जे कोंब लांब झाले त्यांना मुळं फुटेनात. हे मला सगळ्यात जास्त लागलं, कारण राजम्याची साधी कोवळी काडी कापून ओल्या वाळूत लावा, मुळं येतात, ऑक्सिन या मुळं फोडणाऱ्या हार्मोनवरच्या जुन्या प्रयोगांत राजम्याच्या आणि मुगाच्या काड्या वापरायचे त्या याच कारणाने. तेच झाड बाटलीत गेलं की सायटोकायनिनचा असर उतरता उतरत नाही. मुळं आलेली थोडीशी रोपं मातीत गेली, हार्डनिंगमध्ये, म्हणजे बाहेरच्या हवेची सवय लावताना, आणखी गळाली, आणि माझ्या हातात आली ती मूठभर रोपं, त्यांना एक-दोन शेंगा. आता मला सांगा, ज्या कामाला एम२ मध्ये हजारांनी झाडं तपासावी लागतात तिथे मूठभर रोपांचं काय करू? एखादं म्युटेशन हजारो झाडांत एकदा भेटतं, हा खेळ संख्येचा आहे, आणि टिश्यू कल्चर राजम्यात नेमकी संख्याच देऊ शकत नाही. शेताचा एक कोपरा त्यापेक्षा जास्त देतो.

पण खरी चूक याहून मोठी, आणि यावर मी त्यांच्याशी बराच वाद घातला. शून्य ग्रेचा कंट्रोल कल्चरमध्ये ठेवलाच नव्हता. म्हणजे रेडिएशन न दिलेले तुकडे त्याच बाटल्यांतून, त्याच हार्मोनमधून, तितक्याच सबकल्चरमधून (नव्या बाटलीत हलवण्यातून) पास करायला हवे होते. टिश्यू कल्चर स्वतःच बदल घडवतं, लार्किन आणि स्काउक्रॉफ्ट यांनी १९८१ मध्ये त्याला सोमाक्लोनल व्हेरिएशन म्हटलं आणि तेव्हापासून हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या एका कल्चरच्या रोपाला अरुंद पानं आली, सुंदर दिसतात, पण ती गॅमाची की बाटलीची, आता ब्रह्मदेवाला विचारा. त्यांचं म्हणणं, "मॅडम, बदल मिळाला ना, कुठून आला त्याने काय फरक पडतो?" वाण काढणाऱ्याला एका अर्थी खरंच फरक पडत नाही, हे मी मान्य करते, पुढच्या पिढीत टिकलं तर झालं. पण मग रेडिएशनचे पैसे कशाचे घेतले? आणि डोस वाढवायचा की कमी करायचा हे पुढच्या वेळी कशावरून ठरवणार?

पॅकेजमध्ये एक ॲड-ऑन पण होतं, मीडियममध्ये मीठ टाकून क्षारसहनशील कॅलस निवडायचा. घेतलं नाही. पेशीने खारट बाटलीत जगणं आणि झाडाने खाऱ्या जमिनीत शेंगा धरणं यांचा संबंध जुळेलच असं नाही, आणि बऱ्याचदा पेशी नुसती सवय करून घेते, साध्या मीडियमवर आणली की सहनशीलता गायब. त्यात राजम्याच्या कॅलसमधून झाड परत उभं करायचं वांधं आहेच.

दुसऱ्या पिकांत टिश्यू कल्चरने पैदासकाराला सगळ्यात मोठी भेट दिली ती डबल हॅप्लॉइडची, एका झटक्यात शुद्ध ओळ. राजम्यात तीही हाताशी नाही. म्हणून मी "हिशोब उलटा" म्हटलं. केळ्याला बी नाही, स्वपरागण करून म्युटेशन वेगळं काढता येत नाही, तिथे बाटलीतच सबकल्चर करत करत कायमेरा मोडावा लागतो, पर्याय नाही. राजमा मात्र तुमच्यासाठी हे काम फुकटात करतो, फूल उमलायच्या आत. एक पिढी थांबा, शेंगेगणिक बी पेरा, झालं.

मग राजमावाल्याने या लॅबची पायरीच चढू नये का? तसं नाही. एका कामासाठी मी यांच्याकडे परत जाईन: दुसऱ्या जातीशी क्रॉस. टेपरी बीन, फेजिओलस ॲक्युटिफोलियस, उष्णता आणि कोरडेपणा सोसतो, त्याच्यात जिवाणूजन्य करप्याला चांगली प्रतिकारशक्ती आहे, पण राजम्याशी क्रॉस केला की भ्रूण शेंगेतच मरायला लागतो. तिथे कोवळा भ्रूण बाहेर काढून मीडियमवर जगवणं, एम्ब्रियो रेस्क्यू, हा नेहमीचा मार्ग आहे, आणि तयार भ्रूण असल्यामुळे नव्याने कोंब फोडायची मारामारी तिथे नसते. कल्चर रूममधल्या एका मुलीने सूक्ष्मदर्शकाखाली कोवळ्या शेंगेतला बीजांडाचा पडदा सोडवून भ्रूण उचलून दाखवला, हात इतका स्थिर की मी बघतच राहिले. असा हात असणाऱ्या माणसाला मीठ घातलेल्या कॅलसच्या बाटल्या बदलायला लावणं म्हणजे वाया घालवणं आहे. आणि ज्या गोष्टी म्युटेशन सहसा देणार नाही, म्हणजे वर म्हटलेली नवी प्रतिकारशक्ती, त्या अशा रानटी-परक्या नातेवाइकांकडून येऊ शकतात, तेव्हा पॅकेज बांधायचंच असेल तर गॅमाऐवजी याच्याशी बांधा ना.

वागणूक, कुरियर वगैरे: बी व्यवस्थित परत आलं, मिसळामिसळ नाही. फोनवर बोलणारा माणूस सभ्य पण प्रत्येक प्रश्नाला "विभागाकडून कळवतो". एक्स-रे मशीन पण घेणार आहेत म्हणे, चांगलं आहे, कोबाल्टचा सोर्स सांभाळणं, त्याची सुरक्षा, कागदपत्रं ही वाढती डोकेदुखी आहे आणि बियांवर एक्स-रे चा परिणाम गॅमाच्या जवळपासच असतो. कंट्रोलबद्दलच्या माझ्या तक्रारीवर लेखी उत्तर आलं की पुढच्या बॅचपासून शून्य ग्रेच्या बाटल्या ठेवू, त्याचे पैसे वेगळे. वेगळे! कंट्रोलचे!

नुसत्या गॅमासाठीचा साधा फॉर्म त्यांच्याकडे आहे, पॅकेजची सक्ती नाही, पण मागितल्याशिवाय तो काढत नाहीत, तेव्हा मागा. त्यात ओलाव्याचा रकाना असतो तो रिकामा सोडू नका. मोजलेला डोस आणि डोस रेटची तारीख सर्टिफिकेटवर पाहिजे असं फॉर्मवरच लिहून द्या, नंतर मेल करून मिळवण्यापेक्षा सोपं पडतं. आणि प्रत्येक पाकिटात आतून एक कागदाची चिठ्ठी टाका, पेन्सिलने लिहिलेली, वाण आणि डोस, कारण बाहेरची स्टिकरं डेसिकेटरमध्ये ओलाव्याने सुटतात, माझी दोन सुटली होती आणि चिठ्ठ्यांमुळेच कळलं कुठली १०० ची आणि कुठली १५० ची.